वयात न बसणारे उत्तर

दुसऱ्याच्या घरातील दुःख मोजावयास निघालेल्या मनुष्याने आपले मत उंबऱ्याबाहेर ठेवावे हेच उचित; कारण ज्याला प्रश्न विचारायचा त्याला उत्तर सुचवणे हाही एक अन्यायच होय. घरोघरी प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्या सरकारी पाहणीवाल्या बाईंनी हा नियम श्रद्धेने पाळला होता. चेहरा कोरा ठेवण्याची त्यांना इतकी सवय जडली होती, की आपण केलेला चहा त्यांना आवडतो की नाही, हे त्यांच्या नवऱ्याला अजूनही उमगले नव्हते.

दुसरा नियम असा, की बायकोला मारणे योग्य की अयोग्य, हे विचारताना खोलीत तिसरे माणूस नसावे. बोलणारीचे उत्तर भलत्या कानी गेले, तर त्याचे परिणाम तिलाच भोगावे लागतात. म्हणून कुणी आत आलेच, तर तत्काळ प्रश्नावलीतल्या पाण्याच्या प्रश्नांकडे वळायचे.

आणि या घरात सासूबाई सारख्या आत येत होत्या.

"जेवण करपलं, तर नवऱ्यानं बायकोला मारणं तुम्हाला योग्य वाटतं का?" बाईंनी सुनेला विचारले.

"बरोबर उत्तर काय असतं, ताई?" सून कुजबुजली. "तेच लिहा ना. उगाच चुकायला नको."

"यात चूक-बरोबर नसतं. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"मला काय वाटतं ते कधी कुणी विचारलंच नाही." तिने दाराकडे पाहिले. "हो लिहा. हो म्हटलं की पुढचं भांडण टळतं."

बाईंनी कागदावर खूण केली. तेवढ्यात सासूबाई चष्मा शोधत आत आल्या. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता.

"तर पिण्याचं पाणी गाळता की उकळता?" बाईंनी सूर न बदलता विचारले.

"उकळतो!" उत्तर सासूबाईंनीच दिले. "मघापासून तेच सांगतेय. एकच पाणी किती वेळा उकळायचं बाई?"

सुनेला हसू आवरेना. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"मला खुळी समजू नकोस, पोरी. पाण्याचं विचारायला कुणी दार लोटून घेतं का? सगळं ऐकलंय मी. आता मलाही विचार."

बाई म्हणाल्या, "आजी, तुमचं वय यात बसत नाही. पन्नाशीच्या आतल्यांनाच विचारतात."

"का? पन्नाशीनंतर मार लागत नाही वाटतं?"

बाईंना हसू फुटले. मग त्यांनी पेन बाजूला ठेवले आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत, वृद्धेला विचारला.



"माझ्या हातून जेवण कधी करपलंच नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "एकदाही नाही. तुमच्या कागदावर मारायला निदान कारण तरी लागतं."

लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांच्या शांत स्वभावाचे गोडवे ऐकत आलेली सून सासूबाईंकडे पाहतच राहिली.

"ताई," ती म्हणाली, "मघाचं उत्तर बदलता येतं का?"

"मी उठेपर्यंत केव्हाही."

"मग 'नाही' लिहा."

"जरा मोठ्यानं बोल," सासूबाई तिच्यावर खेकसल्या. "घशात काय अडकलंय?"

"नाही!" सून ओरडली, आणि स्वतःच दचकली.

बाईंनी जुनी खूण खोडून नवी केली. सासूबाईंच्या उत्तरासाठी मात्र कोणताही रकाना नव्हता. बाईंनी हात जोडून त्यांचा निरोप घेतला.

त्या घरात उच्चारलेला नकार सुखरूप राहो. आणि जिला तो प्रश्न वेळेवर कुणी विचारला नाही, तिचे उरलेले दिवस निर्भय जावोत.