पाकीट क्रमांक ४१७

दिल्लीच्या मॅडमनी कात्रीने पाकीट कापले आणि लगेच मान मागे घेतली. वास मलाही आला. कुजलेल्या सरकीचा वास वऱ्हाडातल्या माणसाला सांगावा लागत नाही.

मॅडमनी बी पांढऱ्या ट्रेमध्ये ओतले. काळे, एकमेकांना चिकटलेले, वर बुरशी. आमच्या प्रकल्पाचे तरुण शास्त्रज्ञ वकार साहेब बाजूलाच होते. त्यांनी चिमट्याने एक बी फोडले, मग दुसरे, मग तिसरे. आत काही नव्हते. मॅडमनी त्यांच्या यादीत ४१७ पुढे फुली मारली आणि पुढचे पाकीट मागितले. बाकीची सगळी पाकिटे चांगली निघाली.

हे फेब्रुवारी २००५ मधले. मी अकोल्याच्या एका संशोधन केंद्रात बियाण्याच्या थंड खोलीचा भांडारपाल होतो. त्या वर्षांत दिल्लीहून गाड्या फार यायच्या. बहुतेक गाड्या मेलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जायच्या. आमच्याकडे आलेली गाडी करार तपासायला आली होती.

परदेशातल्या एका संस्थेशी आपल्या सरकारचा करार होता. जुन्या देशी कपाशीचे बी गावोगाव फिरून गोळा करायचे, निम्मे तिकडे पाठवायचे, निम्मे इथे ठेवायचे. एकीकडचे गेले तर दुसऱ्याने परत द्यायचे. बाहेर गेलेल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब राहावा म्हणून असे करार तपासायला दिल्लीत समिती होती. परत मागण्याचा अर्ज या समितीकडूनच पुढे जायचा. मॅडम जाताना तो अर्ज माझ्या हातात देऊन गेल्या. नववा रकाना होता, नुकसानीचे कारण आणि जबाबदार व्यक्तीची सही.

वकार साहेब म्हणाले, घाई नाही, करार पुढच्या मार्चपर्यंत आहे, पण कारण खरे लिहा, कारणाशिवाय समिती कागद हलवत नाही.

संध्याकाळी घरी जाऊन जयवंताला सांगितले. ती माझी बायको. आमच्याच केंद्रात रोजाने यायची, रुई ओढून सरकी साफ करायची. बावीस वर्षे आली. हजेरीच्या कागदावर तिचे नाव नसायचे, ‘स्त्री मजूर, सहा’ एवढेच असायचे. त्या सहांतली ती एक. पण बी हातात घेतले की ती कोणते ते सांगायची. वकार साहेबसुद्धा कधी कधी पुस्तक बाजूला ठेवून तिला विचारायचे.

ती भाकरी थापत होती. हात थांबला.

“मावशीचंच काहून?” ती म्हणाली. “चारशे पाकिटं हायेत तुमची.”

मावशी म्हणजे पार्बताबाई. जयवंताच्या आईची बहीण, अचलपूरकडची. २००० साली आम्ही दोघे बसने तिच्याकडे गेलो होतो. सगळ्या गावाने कंपनीचे डब्यातले संकरित बी पेरायला घेतले होते. हिने मात्र शेताच्या एका कडेला चार तास, म्हणजे चार ओळी, आपली जुनी कपाशी ठेवली होती. बोंड लहान, धागा आखूड, पण पाणी नसले तरी उभी राहायची. आम्ही बी मागितले तेव्हा तिने मडक्यातले सगळे काढून फडक्यात बांधले. त्या वर्षी तिची कंबर धरली होती, पेरणी तिच्याने होणार नव्हती. घरातल्यांना ती कपाशी नकोच होती.

“जावईबुवा, सरकारले देऊन राहिलो मी,” ती म्हणाली. “पण मूठभर मले परत आणून देजा. तेवढे चार तास मी खाली ठेवतो, दुसरं काई पेरत नाई.”

मी हो म्हणण्याच्या आधी जयवंताच म्हणाली, “मी आणून देईन ना, मावशे.”

२००१ मध्ये त्यातले निम्मे बी परदेशी गेले. उरलेल्यातून २००२ च्या पावसाळ्यात थोडे पेरून बी वाढवायचे ठरले. त्यातली मूठ मावशीला द्यायची, हेही आमच्या घरात ठरले होते. उद्या पेरायचे आहे, असे मी जयवंताला सांगितले. तिने आपल्याकडे बायका करतात तेच केले. शेण-मातीचा काला करून त्यात सरकी चोळली, म्हणजे वरची लव बसते आणि पेरताना बी एकेक सुटे पडते. थोडे नाही, होते तेवढे सगळे चोळले. लहानपणापासून तिने पेरणीच्या आदल्या दिवशी हेच पाहिले होते. थंड खोलीच्या नियमांत असे करायचे नसते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पेरणीचा तुकडा दुसऱ्या कामाला गेला. आमचे हेडक्लार्क खुशालराव म्हणाले, दिल्लीला यादी पाठवायची आहे, सगळी पाकिटे आजच्या आज बंद झाली पाहिजेत. मी ते बी पाकिटात भरले आणि बंद केले. वर माझी सही आहे. पुढची दोन वर्षे पेरणीला तुकडा मिळाला नाही, पाकीट तसेच राहिले.

तर अर्जात काय लिहायचे? त्या संध्याकाळी भाकरी झाल्यावर जयवंता हात पुसून माझ्यासमोर बसली.

“माझं नाव लिवा,” ती म्हणाली. “बाईनं शेणात चोळली म्हून खराब झाली, असं लिवा.”

मी म्हणालो, तुला उद्यापासून गेटच्या आत घेणार नाहीत.

“नाई घेतलं तं कोनाच्या वावरात निंदाले जाईन. तुमाले काढलं तं तुमी काय करसान? तुमाले तं विळाबी धरता येत नाई.” ती हसली. “आन् बावीस वर्सात एकदा तं माझं नाव कागदावर येईन.”

मीही हसलो. अर्ज घडी करून पेटीत ठेवला.

वकार साहेब दर महिन्याला विचारायचे. मी म्हणायचो, लिहितो. स्वतःला मी असे सांगत होतो की बायकोचे नाव वाचवतो आहे. वकार साहेबांना तेवढे कळलेही असेल. ते एकदा एवढेच म्हणाले, “काका, मावशी वाट पाहत असेल ना?”

इथपर्यंत सांगताना मी एक गोष्ट सोडली आहे. पाकीट बंद करायच्या दिवशी लाइन गेलेली होती. बियातला ओलावा मोजायचे यंत्र बंद होते. म्हणून मी जयवंताला विचारले, वाळली का ग? तिने एक सरकी दाताखाली धरून चावली. वाळलेली सरकी कट्‌ असा आवाज करते. आवाज आला नाही.

“आनखी दोन दिवस उन्हात ठेवा,” ती म्हणाली. “वलं हाय.”

मी ऐकले. तरी पाकीट बंद केले. खुशालराव दारात उभे होते आणि मला घरी जायचे होते. दोन दिवस बी उन्हात राहिले असते तर कदाचित शेणाने काही बिघडले नसते. हे ती जाणत होती. अर्जाच्या दिवशी ती समोर बसून आपले नाव लिवा म्हणाली, तेव्हाही जाणत होती. ‘मी तं तुमाले सांगतलं होतं’ हे वाक्य ती एकदाही बोलली नाही. मी वाट पाहत होतो. बोलली असती तर मला बरे वाटले असते.

दिवाळीनंतर तिच्या पोटात दुखायला लागले. अमरावतीला दाखवले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की उशीर झाला आहे. परत येताना बडनेऱ्याला गाडीची वाट पाहत आम्ही बाकावर बसलो होतो. पलीकडच्या रुळावर कापसाच्या गाठींची मालगाडी उभी होती. तिने बराच वेळ पाहिले.

“त्यो कागद पाठवला का?” तिने विचारले.

मी म्हणालो, पाठवतो.

“पाठवा. बी येईन म्हून मी मावशीले सांगून ठेवलं हाय.”

पौषात ती गेली. तेराव्याला पार्बताबाई आली, काठी टेकत. तिने बियाचे काही विचारले नाही. जाताना जयवंताचे लुगडे मागितले, मी दिले.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च कसे गेले ते मला सांगता येत नाही. मी कामावर जात होतो, थंड खोलीचे तापमान सकाळी-संध्याकाळी वहीत लिहीत होतो. संध्याकाळी घरी आलो की कुलूप उघडायचो, चहा ठेवायचो, दोन कप काढायचो, एक परत ठेवायचो. मार्च संपला तेव्हा करार संपला, हेही मला वकार साहेबांनी सांगितले.

मे महिन्यात मी पेटी उघडली. नवव्या रकान्यात लिहिले : बी ओले असल्याचे मला सांगण्यात आले होते. तरी मी पाकीट बंद केले. जबाबदार, सूर्यभान, भांडारपाल. रकान्यात जागा उरली होती. खाली लिहिले : बी ओले आहे हे जयवंताबाई यांनी ओळखले होते. त्या या केंद्रात बावीस वर्षे बी साफ करीत होत्या.

वकार साहेबांनी वाचले. ही शेवटची ओळ अर्जाला लागत नाही, असे ते म्हणाले नाहीत. सही करून पाठवून दिले.

मला एक मेमो मिळाला. पुढे काळजी घ्यावी, असा. बाकी काही झाले नाही. ज्याला मी सव्वा वर्ष घाबरलो तो अर्ध्या पानाचा कागद होता.

दिल्लीचे उत्तर पावसाळ्यात आले. कराराची मुदत संपली आहे, सर्व जुन्या करारांची सरकारकडून फेरतपासणी चालू आहे, नवा करार झाल्यावर आपल्या अर्जाचा विचार होईल. अर्ज मार्चच्या आत आला असता तर, असे त्यात लिहिलेले नव्हते. ते मला वाचता आले.

२००८ मध्ये मी निवृत्त झालो. वकार साहेब आता परभणीला असतात. ते दर वर्षी दिल्लीला स्मरणपत्र पाठवतात आणि त्याची एक प्रत मला. अचलपूर-परतवाड्याच्या बसने येणारा कोणी भेटला की मी मावशीची खबर घेतो. ती आहे. नजर कमी झाली आहे. शेताच्या कडेचे चार तास ती अजून कोणाला पेरू देत नाही, घरात त्यावरून भांडणे होतात.

बी परदेशातल्या थंड खोलीत आहे. वकार साहेब म्हणतात, तिथे ते जिवंत असणार. मावशीला यातले काहीच माहीत नाही. बी ओले होते, मी बंद केले, अर्ज मी उशिरा पाठवला, हे तिला सांगायला मी अजून गेलेलो नाही.