वडशाची भाकस

सून जेवत नव्हती आणि बायनाबाईच्या जिवाला घोर लागला होता.

नागपुरात दीक्षाभूमीवर दोन बापांची ओळख झाली, सोयरीक जमली आणि मालवणची शालन थेट विदर्भात, वडशाला सून म्हणून आली. पोर गुणी, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ! आता तिला दिवस गेले होते, भाताच्या वासानंसुद्धा मळमळायचं. असंच चाललं तर बाळाचं काही खरं नाही, असं नर्सबाईंनी बजावलं होतं.

"काय खावंसं वाटते व तुले? सांग, मी आणतो," बायनाबाई म्हणाली.

"भाकस," शालन हळूच म्हणाली.

डोहाळे पुरवायचे नाहीत म्हणजे काय! पण भाकस ही भाजी की फळ, हेच बायनाबाईला ठाऊक नव्हतं.

"मासा आहे. समुद्रातला. भाकरीसारखा चपटा, वाळूत पडून राहतो. दोन्ही डोळे वरच्या बाजूला, खालून पांढराफेक. मी लोळत पडले की आई ओरडायची, काय भाकस होऊन पडलीस!" एवढं ती सासरी पहिल्यांदाच बोलली आणि रडू लागली.

बायनाबाई तडक तलावावर गेली. सुकलू ढिवर जाळं झटकत होता. मासा कसा हवा ते ऐकून तो पोट धरून हसला.

"दोनी डोळे एकाच बाजूले? सुनेनं गंमत केली जी तुमची!"

"माही सून गंमत नाई करत. दे तो रोहू."

घरी येऊन तिनं विळीवर रोहू पोटाकडून थेट डोक्यासकट चिरला, पुस्तकासारखा उघडला आणि पालथा घालून तळहातानं दाबला. सपाट! दोन्ही डोळे वर, खाली पांढरं मांस. मग तिखट-लसूण चोळून तव्यावर जवसाच्या तेलात खरपूस भाजला.

शालन ताटावर वाकून पाहू लागली. मग पदर तोंडाशी धरून अशी हसली, की तिला ठसका लागला. बायनाबाई ओशाळली.

"नाई जमली का व? तुह्या गावची अशीच रायते ना?"

शालननं तुकडा मोडला, भाताबरोबर खाल्ला. पुन्हा मोडला.

"अगदी अशीच," ती म्हणाली. "थोडा भात वाढा ना, आई."

पोर धडधडीत खोटं बोलत होती. बायनाबाईनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि भाताचं पातेलंच पुढ्यात ओढलं.