थोरलीच्या वाटणीच्या गोळ्या

सकाळपासून बेचाळीस पोटं तपासून झाली होती आणि सिस्टरचे पाय चपलांत मावेनासे झाले होते. गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस तिच्या अगदी जिवावर यायचा. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, तोवर मी आधी जाते की पाय, बघायचं," असं ती कुणी न विचारताच सांगायची. त्रेचाळिसावी आली ती स्ट्रेचरवरून.

थोरली जाऊ होती ती. दोघी जावा एकदमच गरोदर, दोघींना सातवा, दर महिन्याला एकमेकींचा हात धरून रांगेत उभ्या राहायच्या. थोरलीच्या तोंडाला कुलूप नाही, आणि धाकटीच्या तोंडाची किल्लीच हरवलेली. आज मात्र थोरली थंडीने कुडकुडत होती आणि धाकटी तिचं डोकं सावरत होती. सिस्टरने बोटातून रक्ताचा थेंब घेतला. पंधरा मिनिटांत पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मलेरिया.

"असं कसं?" सिस्टर वैतागली. "दर महिन्याला माझ्यासमोर तीन गोळ्या गिळतेस ना गं तू?"

थोरलीने डोळे मिटून घेतले. धाकटी पांढरीफटक पडली. सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली.

गरोदरपणात मलेरिया होऊ नये म्हणून त्या गोळ्या असायच्या. नियम असा की सिस्टरने हातावर ठेवायच्या, तिथंच पाण्याबरोबर गिळायच्या, मगच हलायचं. नियम करणाऱ्यांनी नेहमीप्रमाणे उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. कारण रांगेतल्या काही बायकांना त्या गोळ्या द्यायच्याच नसत. एचआयव्ही असलेल्या बाईला इतर आजार जडू नयेत म्हणून रोजची एक वेगळी गोळी चालू असते. तिच्यामुळे मलेरियाही बराचसा लांब राहतो, पण त्यावर या तीन दिल्या तर औषध अंगावर उलटू शकतं. आणि धाकटीला एचआयव्ही होता. तिला ठाऊक, तिच्या नवऱ्याला ठाऊक, सिस्टरला ठाऊक. घरात आणखी कुणाला त्याचा वाससुद्धा नव्हता.

पूर्वी सिस्टर अशा बाईला "तुला या सोसत नाहीत" म्हणून बाजूला काढायची. पण भिंतीला कान असतात, रांगेला तर डोळेही होते. कोणत्या बायकांना सोसत नाहीत, हे सहा महिन्यांत सगळ्या वस्तीला उमजलं, आणि एकीला घरच्यांनी कपड्यांच्या गाठोड्यासकट बाहेर काढलं. तेव्हापासून सिस्टर खिशात जीवनसत्त्वाच्या गोळ्या बाळगायची आणि धाकटीच्या हातावर त्यातल्या तीन ठेवायची. त्या जराशा पिवळसर होत्या, एवढाच काय तो फरक.

"तुम्ही हिला हलक्या गोळ्या देता," थोरली डोळे न उघडता म्हणाली. "मी बघितलंय. ही गरीब गाय, तोंड उघडत नाही, म्हणून हिलाच भलतं काहीतरी द्यायचं. मग मी माझ्या मुठीत ठेवल्या आणि घरी नेऊन हिला दिल्या. मागचे दोन महिने."

सिस्टरने कपाळावर हात मारला. चाळीस जणींच्या तोंडात डोकावणारी ती, पण या दोघींची पाळी आली की तिचं सगळं लक्ष धाकटीच्या तळहाताकडे असायचं. शेजारच्या मुठीकडे कोण बघणार! चूक तिचीच होती, आणि ती कबूल करायचीसुद्धा सोय नव्हती.

तिने थोरलीला औषध दिलं, मग पोटावर ठोके ऐकायचं यंत्र फिरवलं. बराच वेळ नुसती खरखर. धाकटी ओठ चावत उभी. शेवटी कडेला, खाली, बारीकसे ठोके लागले.

"आहेत," सिस्टर म्हणाली. "वाढ कमी वाटतेय. पण आहेत."

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने धाकटीचा हात चाचपला. "तुला तर ताप नाही ना? बघ, बरं झालं की नाही, तुला दिल्या ते."

एवढं ऐकलं आणि धाकटीचा बांध फुटला.

"ताई, मी त्या मोरीत टाकल्या."

"काय?"

सिस्टरने पडदा ओढून घेतला. दुसऱ्याचं गुपित, तिला मध्ये बोलायची चोरी.

"मला त्या चालत नाहीत," धाकटी कुजबुजली. "मला एचआयव्ही आहे. ह्यांनाही. औषध घेतो आम्ही दोघं. बाळाला होणार नाही म्हणतात, वेळेवर घेतलं तर. तुम्हाला नको म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतंत. घरातून काढतील मला, ताई."

थोरलीने हात सोडवून घेतला. सिस्टरला नवल वाटलं नाही, हात सोडवणारे तिने पुष्कळ पाहिले होते. फक्त या वेळी सिस्टरला स्वतःलाच रडू आलं.

"विचारलं असतं," थोरली म्हणाली. "मग सांगायचं होतंस. माझ्या पोराच्या जिवावर बेतलं गं." आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचा राग खरा होता, आणि त्यात कुणी तिला चूक म्हणणार नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात सासूबाईंचा आवाज आला. कोणता पलंग, कोणता पलंग, असं विचारत त्या थेट पडद्यापर्यंत पोचल्या. धाकटीने पलंगाची दांडी घट्ट धरली.

"काय झालंय हिला?"

"मलेरिया," सिस्टर म्हणाली.

"अहो, गोळ्या तर दोघी घेत होत्या ना? मग हिलाच कसा झाला? धाकटीला कसा नाही?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत सिस्टरने हजार थापा मारल्या होत्या. आणखी एक जुळवत ती केसपेपर चाळू लागली.

"मी नाही घेतल्या," थोरली भिंतीकडे बघतच म्हणाली. "मळमळायचं. मोरीत टाकल्या."

सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. अक्कल गहाण टाकली होतीस का, पोटातल्या जिवाची तरी दया यायला हवी होती, लोक काय म्हणतील, लेकाला मी काय सांगू. शेजारच्या पलंगांवरच्या बायका माना उंचावून ऐकत होत्या. हे आज संपणार नव्हतं. पोराला पुढे साधी शिंक आली तरी हेच निघणार होतं, जन्मभर.

"ही धाकटी बघ," सासूबाई म्हणाल्या, "कशी मुकाट्याने घेते सगळं. शीक जरा तिच्याकडून."

धाकटीने बोलायला तोंड उघडलं.

"शिकेन, आई," थोरली मोठ्याने म्हणाली, आणि धाकटीने ते मिटलं.