कारण लिहून द्या

चष्म्याच्या दुकानात काउंटरवर माणूस हवा होता आणि महिना झाला तरी मिळत नव्हता. मालक अगदी मेटाकुटीला आले होते. अशात एक मुलगी काम मागायला आली. तिने एका आजीबाईंच्या चष्म्याची काडी जरा गरम करून कानामागे अशी बेतशीर वाकवली, की आजीबाई खूश! म्हणाल्या, "आता टोचत नाही गं बाई!" तिच्या पाठीवर हात फिरवूनच त्या गेल्या.

काम फक्कड. पण मुलीच्या गालावर, ओठांभोवती कोडाचे पांढरे डाग होते, आणि मालकांचं मन तिथेच अडलं. माणूस वाईट नव्हता हो! चेहरा पाहून काम द्यायची सवय तेवढी अंगवळणी पडलेली.

"कळवतो," ते खाली बघत म्हणाले.

"नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून द्याल?" मुलीने विचारलं. "तीन ठिकाणी 'कळवतो' ऐकलंय. आई रोज विचारते, तुझं चुकतं तरी काय? तिला दाखवीन."

मालकांनी कागद ओढला. 'अनुभव कमी' लिहावं, तर पाच वर्षांचा दाखला समोर. 'काम जमत नाही' लिहावं, तर आत्ताच डोळ्यांनी पाहिलेलं. खरं कारण लिहायला हात धजेना.

"असं करू," ते चाचरत म्हणाले, "आत काचा घासायला ये. पगार तोच."

आत काचा घासणारे काका हे ऐकून बाहेरच आले. मालकांच्या वडिलांपासूनचे कारागीर ते, बोलायला कुणाला भ्यायचे नाहीत.

"आत कशाला? लपवायला? अरे, ज्याचा कामाशी संबंध नाही त्यावरून माणूस नाकारणं कायद्यापुढे टिकायचं नाही. पण कायदा राहू दे बाजूला. जे लिहायला तुलाच लाज वाटते, ते मनात तरी कशाला बाळगतोस?"

"पण काका, गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"आपली भीती गिऱ्हाइकांच्या नावावर किती दिवस खपवणार? आत्ताचं गिऱ्हाईक काय म्हणालं, ऐकलंस ना?"

मालकांचा चेहरा खर्रकन उतरला. खरंच की! आजीबाईंना कान दुखायचा थांबला, एवढंच कळलं होतं. डाग दिसले ते एकट्या मालकांनाच!

"पोरी, चुकलो मी," ते म्हणाले. "उद्यापासून ये. इथेच, काउंटरवर."

"इथेच?" तिने पुन्हा विचारलं, आणि तिचे डोळे भरून आले. काकांनी खुर्ची पुढे केली, "बस गं, पाणी पी आधी. मग आईला फोन लाव."

जाहिरातीतली 'आकर्षक व्यक्तिमत्त्व हवे' ही ओळ मालकांनी त्याच दिवशी काढून टाकली.

मंडळी, आपल्याही हातात कधी ना कधी कुणाची तरी नोकरी येते. नाही म्हणण्याआधी कारण एकदा कागदावर लिहून बघा. लिहिताना हात अडखळला, तर माणूस नाही, आपलं मन तपासायची वेळ झाली आहे.