खळ धुऊन

“मास्तर, जरा खळ धुऊन वाचा की!”

गिरणीच्या फाटकापाशी जमलेल्या बायकांत हशा पिकला. नोटीस घेऊन बाकावर उभा असलेला रामहरी हसला नाही. तो कचेरीतला कारकून, मूळचा मोहोळचा. हेडक्लार्क काय ते इंग्रजीत सांगत. रामहरी त्याची मराठी नोटीस लिही आणि जेवणाच्या सुट्टीत फाटकावर मोठ्याने वाची. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांपैकी एकीलाही वाचता येत नव्हतं.

ओरडली होती मायाक्का. मंद्रूपची, पन्नाशी उलटलेली, वीस वर्षं कांड्या भरणारी. साहेबलोकांच्या बोलण्याला तिने एकेक नाव ठेवलं होतं, आणि ती नावं कांड्यांच्या खात्यात रुळली होती. खळ दिलेलं कापड ताठ दिसतं, पहिल्या धुण्यात लोळागोळा होतं. म्हणून गोड नोटीस म्हणजे ‘खळ’. ‘बघू’ म्हणून सांगितलेलं काम म्हणजे ‘रिकामी कांडी’, नुसतीच गरगरणारी. म्युनिसिपालिटीचा एक उमेदवार चाळीत येऊन तासभर गरजला, तेव्हा ती शेजारच्या दानम्माला म्हणाली होती, “भोंगा झाला. चल, भाकरी थाप.”

रामहरीने वाचायला सुरुवात केली. “बाजारातील मंदी ध्यानात घेऊन, व दीर्घ सेवेची कदर म्हणून, खात्यातील जुन्या बायकांना उद्यापासून विश्रांती देण्यात येत आहे.” खाली सहा नावं होती. चौथं मायाक्काचं.

सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या. आता ती काय नाव ठेवते?

“न्हाय गं,” मायाक्का म्हणाली, “ह्यात खळ न्हाय. इसावा दिलाय. गुडघं कसं ठणकत्यात, दिसतंय की त्यास्नी.”

नोटिशीची घडी घालता घालता रामहरीचा हात थांबला.

संध्याकाळी भोंगा झाल्यावर ती फाटकाबाहेर भेटली. डोक्यावर गाठोडं, तोंडावर हसू.

“येते, मास्तर. मंद्रूपला लेकीचं दिवस भरल्यात. तिचं बाळंतपन उरकून म्हैन्याभरात येते माघारी. तवर माजी जागा दानम्मा बघंल.”

रामहरी ‘बरं’ म्हणाला असता, तर ती चालू लागली असती. पण उद्या सकाळी स्टेशनापलीकडच्या गिरणीत बायका कामावर घेणार होते, एकच दिवस. ही मंद्रूपला गेली की तेही हुकणार.

“मायाक्का, खळ हाय ती.” कचेरीतली भाषा त्याच्या तोंडून गळून पडली होती. “तुमाला काडलंय. कायमचं.”

तिने गाठोडं खाली ठेवलं.

“कुनी लावली?”

“मीच. सायेबांनी ‘काढून टाका’ एवढंच सांगितलं व्हतं. माज्या हातानं लिववंना. म्हनून इश्रांती लिवलं.”

गिरणीतून सुटलेली माणसं दोघांना वळसा घालून जात होती. मग मायाक्का हळूच म्हणाली, “लई पातळ लावलीस, लेकरा. हाताला लागलीच न्हाय.”

“उद्या सात वाजता तिकडल्या फाटकावर जावा. म्या सांगितलं म्हनू नका.”

“आन् लेक?”

मायाक्काने पदराने तोंड पुसलं, गाठोडं उचललं आणि मंद्रूपची वाट सोडून चाळीकडे वळली. जाता जाता मात्र थांबली.

“फुडल्या येळंला असंच सांगत जा. आमी काय मरत न्हाय ऐकून.”

त्या गिरणीत तिला कांड्यांवर घेतलं नाही. वाया गेलेलं सूत निवडायला बसवलं. दानम्माने हे रामहरीला आठवड्याने सांगितलं. लेकीला मुलगी झाल्याचंही सांगितलं. मायाक्काने अजून नात पाहिली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी नवी नोटीस निघाली. रामहरी बाकावर चढला. “कामगार स्त्रियांच्या पिण्याच्या पाण्याची सोय वाढविण्याचा प्रश्न वरिष्ठांच्या सहानुभूतिपूर्वक विचाराधीन आहे.”

वाचून झाल्यावर तो सवयीने थांबला. बायकाही थांबल्या. मायाक्का उभी राहायची ती खांबाजवळची जागा मोकळीच होती. कचेरीच्या खिडकीत हेडक्लार्क चहा पीत उभे होते.

रामहरीने कागद खाली केला.

“म्हंजी,” तो म्हणाला, “पानी न्हाय. घरनं भरून आना.”