काटवलाची गाठ

याडी चैत्रात गेली. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. श्रावण लागला तसा बा जेवणाचं ताट अर्धंच सोडू लागला. घाटंजीच्या बाजारातून मी काटवलं, म्हणजे रानातली करटोली, आणली, तिच्यासारखीच तिखट-मीठ घालून परतली. बानं एक फोड चाखली.

"हे तिच्या वेलाचं नाही."

डोंगरात याडीचा एक वेल होता. जागा तिनं कुणाला सांगितली नव्हती; मीही कधी विचारली नाही. बाला तर गुडघ्यांमुळे डोंगर चढवत नाही. शेजारची बबिता हसली, "मास्तरीणबाई, पाहा ना तुमच्या पुस्तकात, कोठी हाय तो!"

मी एकटीच गेले. एवढंच ठाऊक होतं, की फूल धरलं की याडी ओढणीचा लाल दोरा वेलाला बांधायची. ती डावरी, तिची गाठ उलटी बसे. तो दोरा दिसला की तांड्यातलं कुणी त्या वेलाला हात लावत नसे.

दुपारी पळसाच्या झुडपावर चढलेला वेल दिसला. हिरवी काटेरी फळं, आणि लाल दोरा. गाठ उलटी.

काटवलाचा वेल हिवाळ्यात वाळून जातो, पावसात कंदातून नवा फुटतो. म्हणजे हा वेल याडीनं पाहिलेलाच नव्हता.

मी ओटीभर फळं तोडली आणि मागे न बघता उतरले.

बानं फळाचा वास घेतला. "तिचंच हाय. दोरा होता?"

"होता."

"सोडलेला?"

"नाही, बांधलेला."

त्यानं फळ खाली ठेवलं. "मंग कायले तोडलं वं? ती दोरा सोडते तवाच तोडाचं. नेऊन ठेव."

मी शाळेत काळ शिकवते. 'सोडते' म्हणाला बा. मी चूक दाखवली नाही.

सकाळी फळं घेऊन पुन्हा चढले. वारा पडला होता. दोरा वेलावरच लोंबत होता, पण सुटलेला. गाठीच्या जागी अजून वाकडा. चिखलात माझी कालची पावलं होती. दुसरी नव्हती.

फळं तिथं ठेवली नाहीत.

बा त्या दिवशी पोटभर जेवला. हात धुताना म्हणाला, "दोरा आणला काय?"

"नाही," मी म्हणाले. "पुढच्या साली लागन तिले."