चाळीस कळांची जागा

बाबांची वाचा जाऊन सात महिने झाले होते. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. त्या बोटाला झेपेल असा जुना कीपॅड लेकीने शोधून काढला, नवी बोलकी पेटीही आणली. पण दोघांचं काही जमेना. कीपॅड कळ दाबली की अक्षर फेकून मोकळा. पेटी मोठी मानी, आपल्या सवडीने आणि आपल्याच ठेक्यात ऐकणार. मग लेकीने दोघांच्या मध्ये नखाएवढ्या चिपचा मायक्रोकंट्रोलर बसवला. त्याने कीपॅडचं ऐकायचं, जपून ठेवायचं आणि ‘बोल’ची कळ दाबली की पेटीला तिच्या भाषेत सांगायचं. बाळ झोपलं की ती तारा जोडायची, उठलं की त्याला मांडीवर घेऊन प्रोग्राम तपासायची. “हो”, “नको”, “पाणी”, “कूस बदल”. सगळं खणखणीत.

“जन्मभर ह्यांना गप्प बसवणं मला जमलं नाही,” आई म्हणाली. “आता कुठे बसले, तर तू उठवतेस!” म्हणता म्हणता तिने डोळे पुसले.

दुपारी बाबांनी लिहायला घेतलं. बोट उचलायचं, थांबायचं, दाबायचं. बाळाचं दूध झालं, ढेकर झाली, तरी ह्यांचं चालूच.

“काय हो, कादंबरी लिहिताय?” आई हसली.

दीड तासाने त्यांनी ‘बोल’ दाबलं.

“ली. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. थकलो,” पेटी म्हणाली.

सुरुवात पुसली गेली, हे लेकीच्या लगेच लक्षात आलं. मधल्या चिपमध्ये तिने काना-मात्रा धरून चाळीस कळांचीच जागा ठेवली होती. भरली की जुनं पुसायचं, नवं ठेवायचं. आजारी माणूस मागून मागून काय मागणार, असंच धरून चालली होती ती.

तिने चिपची मेमरी पुन्हा पुन्हा वाचली. तेच चाळीस.

“बाबा, आधी काय होतं? कोणाबद्दल?”

बाबांनी डोळे मिटले. बोट चादरीवर पडून होतं.

संध्याकाळपर्यंत तिने चार हजार कळांची जागा केली. दुसऱ्या दिवशी कीपॅड हाताखाली सरकवला.

“आता कितीही लिहा, बाबा. एकही अक्षर सांडणार नाही.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या कडेवरच्या बाळाकडे पाहिलं. बोट चारदा उठलं, मग ‘बोल’वर गेलं.

“पाणी,” पेटी म्हणाली.

तिने चमचा भरून त्यांच्या ओठांना लावला.